कर्जदार समक्ष भेटले

माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य लिहिलं असेल, तर हे: "ऋणी से प्रत्यक्ष भेंट हुई." कर्जदार समक्ष भेटले. पाहणीच्या फॉर्मवर तिसऱ्या ओळीत ते लिहायचं, खाली सही करायची आणि बस पकडायची. धारच्या एका घराबद्दल हे वाक्य मी सात वेळा लिहिलं. सातही वेळा ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते ठाऊक नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी "तुमच्या कामाचं काही लिहा" असं मला म्हटलं, तर मला तेवढंच आठवलं.

आधी माझं सांगते. मी बार्शीकडची. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन देवासला आले. आमच्या ह्यांचं कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा पदरात तीन वर्षांची मुलगी आणि घरभाडं दोन महिन्यांचं तुंबलेलं. इथल्या मराठी मंडळींनी चालवलेली एक छोटी सहकारी बँक होती. तिथे कर्ज विभागात मुजुमदार साहेब होते. संस्थानाबरोबर आलेलं जुनं घराणं. त्यांचं मराठी ऐकून मला पोथी ऐकल्यासारखं वाटायचं. त्यांच्या घरात अजून 'मामंजी', 'वन्सं' चालतं, आणि नातू मात्र म्हणतो, "दादाजी, मराठी में मत डाँटो."

साहेबांनी मला पाणी द्यायला आणि फायली उचलायला ठेवलं. एक दिवस विचारलं, "बाई, आपणांस वाचता येते काय?"

"मराठी येतं."

"आणि हिंदी?"

"जोडून जोडून."

"पुष्कळ झाले," म्हणाले. बायकांच्या नावावरची कर्जं तेव्हा वाढली होती. पुरुष माणूस चौकशीला गेला की दारातूनच उत्तर यायचं, "ये घर पर नहीं हैं." बाई गेली की, "आओ बेन, पानी पियो." म्हणून मला पाठवायला लागले. तेव्हापासून आजपर्यंत रोज घरातून निघताना मला वाटतं, आज आपल्याला काढून टाकतील. अजून काढलेलं नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आता काम काय ते. बँक कर्ज देते. तीन महिने हप्ता आला नाही की खातं आजारी धरतात. मग वर्ष जातं, आजार वाढतो, खातं संशयित होतं, आणि शेवटी बुडीत. प्रत्येक पायरीवर बँकेला स्वतःच्या नफ्यातून काही रक्कम बाजूला काढून ठेवावी लागते. तिला तरतूद म्हणतात. मला हे काही केल्या कळेना. तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, घरात कोणी फार आजारी असले म्हणजे घरची बाई काय करते? डब्यात थोडे पैसे निराळे ठेवते. कशासाठी ते कोणास सांगत नाही. आजारी माणसाला तर नाहीच. तेच हे."

माझ्या मनात आलं: माणूस अजून श्वास घेतोय, आणि आपण त्याच्या तेराव्याचे पैसे बांधून ठेवतोय. पण समजलं ते कायमचं समजलं. कुणाचा श्वास किती चाललाय हे बघून यायचं, हे माझं काम. माझ्या फॉर्मवरून साहेब डब्यात किती टाकायचे ते ठरवत.

लोक फसवायचेच. लोहारद्याजवळ एकाने आठ म्हशींवर कर्ज घेतलं होतं. गोठ्याच्या एका दारातून म्हशी आत येत होत्या, मी मोजत होते. सहावी आली, तिचा कान फाटका. मी म्हटलं, फाटक्या कानाची तर दोन नंबरलाच येऊन गेली. आमच्या जीपचे राठौर भिया हसून हसून खाली बसले. "दीदी, आदमी को मूंडो बदली जाय, भैंस को नी बदले!" मागच्या दाराने म्हशी फिरवून पुन्हा पुढून आणत होते. आठ कसल्या, होत्या चारच.

निसरपूरचं एक तारण बघायला गेले, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. धरणाचं पाणी गावावर चढलं होतं. फायलीत दुकानाच्या चतुःसीमा लिहिलेल्या: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, उत्तरेस लिंब. नाववाल्याने एका जागी नाव थांबवली आणि म्हणाला, "बस, यहीं." चारी बाजूंना पाणी. मी त्या पाण्याचा फोटो काढला, कारण फॉर्मवर 'तारणाचा फोटो' असा चौकोन असतो आणि तो रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो. परत येताना नाववाला म्हणाला, "दीदी, तुमने दुकान के ऊपर पैर रखा था."

असं सगळं पाहिलेली मी. धारला फसले, ते तिथे कुणी फसवतच नव्हतं म्हणून.

धारच्या एका गल्लीत मराठी कुटुंब होतं. नवरा कचेरीत लिपिक, घरात त्याची म्हातारी आई आणि बायको कुमुद. कुमुदला मसाला कांडायचं यंत्र घ्यायचं होतं. देवासला तिचे वडील राहायचे, आप्पा. निवृत्त शिक्षक. ते जामीन होते. कर्ज देण्याआधीची पाहणी करायला मी गेले. उंच बाई, बोलणं भराभर, हाताला हळदीचा पिवळेपणा. माझा हिंदीतला रिपोर्ट तिनं बाजूला बसून पाहिला. मी 'व्यवसाय' तीनदा खोडलं होतं. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, चुका सुधारल्या आणि म्हणाली, "भिऊ नका. आपल्या दोघींतच राहील. ह्यांनासुद्धा सांगायची नाही." नववी शिकल्याचं मी तिला सांगून बसले होते. ऑफिसात ते कुणालाही धड माहीत नव्हतं.

अडीच लाख मंजूर झाले. कर्ज देताना एक विमा उतरवतात, एकदाच रक्कम कापून: कर्जदार मधेच गेला, तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरते. तो कागद फायलीत लागला.

वर्षभर हप्ते घड्याळासारखे आले. मग तीन आले नाहीत. साहेबांनी फाइल पुढ्यात टाकली. "जाऊन या. बोलावे गोड, पाहावे नीट."

दार उघडलं ती बाई मला वाळलेली वाटली. चेहरा तोच, पण कुणी एक थर खरवडून काढल्यासारखा. फायलीतला फोटो मी हळूच पाहिला. नाक तेच, कपाळ तेच. म्हटलं, आजारपण झालं असेल.

"कुमुदताई ना?"

ती क्षणभर थांबली. "हो. या ना आत."

कोपऱ्यात यंत्र होतं, त्यावर पांढरी चादर. घरात मसाल्याचा वास नाही, मला तेच आधी खटकलं. तिनं न मागता एका हप्त्याचे पैसे आणून ठेवले. जेवणाची वेळ होती, म्हणाली बसा. पानं वाढली. आधी एक लहान ताट वाढून भिंतीकडे ठेवलं, त्याला पाणी फिरवलं आणि त्याच्याकडे पाठ न करता मागे सरकली. मला वाटलं, कुळाचार असेल. त्या भिंतीवर देव मात्र नव्हता. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक छोटा टाक होता, बाईची आकृती ठोकलेला. मला वाटलं, देवीचा.

तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारीची हाक आली, "कुमुद!"

"आले," म्हणत ही उठली.

आतून आवाज आला, "तू नव्हे."

ती तशीच खाली बसली आणि भातावर वरण घालू लागली. म्हातारीला चळ लागला असेल असं मी मनाशी म्हटलं. पण जेवण मला गेलं नाही. आत म्हातारी हळू आवाजात बोलत होती, मधे थांबत होती, समोरच्याला बोलायला जागा द्यावी तशी.

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "हिंदी लिहायची भीती गेली का हो आता?"

मी म्हटलं, "तुमच्यामुळे." आणि बसमध्ये बसल्यावर फॉर्मवर लिहिलं: कर्जदार समक्ष भेटले. प्रकृती क्षीण. भरण्याची इच्छा आहे.

मग दर तिमाहीला जाऊ लागले. ती कधी दोन हप्ते भरायची, कधी एक. खातं आजारी पडायचं, पुन्हा सावरायचं. साहेब खूश. "तुमच्या जाण्याने हे खाते जगले, बाई. तरतूद वाचली." मला एवढं बरं वाटायचं की दोन दिवस काढून टाकण्याची भीती वाटायची नाही. कर्जाला तीन वर्षं होत आली, तेव्हा कायद्याने लागते ती कबुली घ्यायची होती: एवढं कर्ज मी देणं लागते, अशी कर्जदाराची सही. तो कागद मीच तिच्यापुढे ठेवला. तिनं पेन घेतलं, डोळे मिटले आणि सही केली. साहेबांनी ती जुन्या सहीशी भिंग लावून ताडून पाहिली. कु-मधला उकार, शेवटची रेघ, सगळं सारखं.

त्यानंतर महिनाभरात आप्पा बँकेत आले, स्वतःच्या पेन्शनच्या कामाला. बाकावर बसले होते. मी पाणी दिलं आणि कौतुकानं म्हटलं, "आप्पा, कुमुदताई आता बऱ्या दिसतात हो. परवाच भेटून आले."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "कोणती?"

"कोणती म्हणजे? तुमची कुमुद."

"थोरली काविळीनं गेली, बाई. दोन वर्षं झाली. इंदूरच्या इस्पितळात." मग सावकाश, शाळेत समजावून सांगावं तसं बोलले. "दोन महिन्यांच्या आत धाकटी तिथेच दिली. विहीणबाईंना थोरलीचं जाणं सोसेना. त्यांच्याकडे रीत आहे, दुसरी आली की पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, पहिलीला आधी वाढायचं, पहिलीच तिच्यात राहते म्हणायचं. पुष्कळ घरांत आहे ही रीत. त्यांनी नावही तेच ठेवलं. तांदळात तेच लिहिलं."

सवतीचा टाक मी ऐकून होते. आमच्याकडं तशी चाल नाही, म्हणून डोळ्यांपुढे असून ओळखला नव्हता.

"आम्हीही तिला कुमुदच म्हणतो," आप्पा म्हणाले. "तेवढंच वाटतं, एक गेली नाही. पण परवा त्यांच्या आईनं मला विचारलं, धाकटीला आपण काय हाक मारायचो? मला पटकन आठवेना. स्वतःच्या लेकीचं नाव. शालिनी. बघा, आता आठवलं."

दोन वर्षं मी ज्या बाईकडे जेवत होते ती कर्जदार नव्हती, पण मला आधी आठवलं ते वेगळंच. हिंदीची गोष्ट तिला कुणी सांगितली? कुमुदनं शब्द दिला होता. बहिणीला सांगितलं असेल, असं मी आजही स्वतःला सांगते. सांगितलंच असेल.

पण त्याहून मोठी गोष्ट रात्रभर डोक्यात वाजत राहिली. कुमुद गेली त्या दिवशीच विमा कंपनीनं कर्ज भरायला हवं होतं. शालिनीला एक पैसाही द्यायचा नव्हता. ती दोन वर्षं एका मेलेल्या बाईचं कर्ज फेडत होती, आणि मी दर तिमाहीला जाऊन, गोड बोलून, ते घेऊन येत होते. मी 'समक्ष भेटले' लिहीत राहिले म्हणून कुणी विचारलंच नाही. आता खरं लिहिलं, तर सात खोटे फॉर्म माझ्या सहीचे. त्यात ती कबुलीची सही, खोट्या नावाची, तीही मीच घेतलेली. माझी नोकरी जाणार, आणि शालिनीवर पोलिस आले तर? नाही लिहिलं, तर ती आणखी दोन वर्षं भरत राहील. कुणाला काही कळणार नाही. खातं तर नीट चाललंय.

सकाळी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "खाते चालू आहे, बाई. मार्चअखेर जवळ आली आहे. चालू खाते आपण उकरावे कशास?"

मी मान हलवून बाहेर आले. पाण्याचे ग्लास भरले. त्या माणसाच्या जोरावर माझी मुलगी बारावीला पोचली होती. त्यांच्या शब्दाबाहेर जायचं मला कधी सुचलं नव्हतं. दुपारी मी पाहणीचा कोरा फॉर्म घेतला आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं: ऋणी की मृत्यु हो चुकी है. मी आजवर भेटले ती दुसरी बाई. तिनं फसवलं नाही, मी नाव घेऊन विचारलं आणि तिनं हो म्हटलं, तेच तिचं सासरचं नाव. चूक माझी आहे.

ते नेऊन साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. एक अक्षर सुधारलं. मग विचारलं, "तुम्ही किती शिकलात, बाई?"

"नववी."

"मी एम.कॉम. सही मी जुळविली, भिंग लावून." त्यांनी माझं शेवटचं वाक्य खोडलं आणि त्याखाली लिहिलं, चूक दोघांची आहे. खाली सही केली. माझ्या आधी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं धारला गेलो. नवरा रजा घेऊन थांबला होता. मृत्यूचा दाखला त्याच्या कपाटात होता, घडीसुद्धा न मोडलेला. "बँकेला कळवायचं म्हणजे ती गेली असं लिहून द्यायचं," तो म्हणाला. "आईसमोर कसं लिहू?" त्याला वारस म्हणून अर्जावर सही करायची होती, आणि शालिनीला जबाबावर: हप्ते मी भरले, कबुलीवर सही मी केली. आधारकार्डावर तिचं माहेरचं नाव अजून तसंच होतं, तेच लिहायचं होतं.

तिनं पेन टेकवलं आणि कुमुद लिहिलं. आम्ही दुसरा कागद दिला. पुन्हा कुमुद.

"ताई," ती मला म्हणाली, "मी हे लिहिलं तर ती कुठे जाईल?"

साहेब पुढे झाले. आयुष्यात त्यांनी कुणा बाईला एकेरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. म्हणाले, "शालू बाळ, तिच्या नावचा कागद निराळा आहे. हा तुझा. पाहा, दोन कागद आहेत." आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दाखला इकडे, जबाब तिकडे.

तिनं लिहायला घेतलं. सावकाश, पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर सुटं. शा. लि. नी. आतून म्हातारीचं पुटपुटणं मधेच थांबलं, आणि आम्ही निघेपर्यंत पुन्हा सुरू झालं नाही.

पुढचं थोडक्यात. विमा कंपनीनं विचारलं, इतका उशीर का? साहेबांनी आमचा तो फॉर्म जोडला. पाच महिने पत्रव्यवहार चालला. संचालकांनी साहेबांची एक वेतनवाढ थांबवली. मला वर्षभर पाहणीवरून काढून पुन्हा पाण्याच्या माठापाशी बसवलं, पण नोकरी ठेवली. त्या वर्षी कबुलीच्या सह्या मी लांबूनच पाहिल्या, आणि प्रत्येक सहीखालचं माणूस जिवंत आहे ना, असं मनात यायचं. शेवटी कंपनीनं कुमुद गेली त्या दिवशी बाकी असलेलं सगळं कर्ज भरलं. खातं बंद झालं. शालिनीनं भरलेले हप्ते परत द्यायचे, असा आदेश निघाला.

आणि पुढच्याच महिन्यात धार शाखेच्या रोखपालाचा मला फोन आला. "दीदी, वो मैडम फिर किश्त लेके आ गई. मैं बोल रिया हूँ खाता बंद है, तो बोलती है, फिर ये पैसे किसके नाम डालूँ?"

मी म्हटलं, फोन तिच्या हातात दे. तिचा श्वास ऐकू आला. मी सांगितलं, "शालिनी, तुझे परत येणारे पैसे जमा करायला खातं हवं. आजच उघड. हे पैसे त्यात टाक. फॉर्म तो भरेल, तू फक्त नाव सांग."

"ते नाव वापरात नाही हो आता."

"मग आजपासून वापर."

तिनं फोन टेबलावर ठेवला असावा. रोखपालानं विचारलं, "नाम?" ती काही बोलली, मला नुसती कुजबुज ऐकू आली. "जोर से, मैडम." पुन्हा कुजबुज. तिसऱ्यांदा तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की मला देवासला बसून फोनशिवाय ऐकू आलं असतं.

नंतर रोखपाल मला म्हणाला, नाव सांगून झाल्यावर मॅडमनी मागे वळून दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होत्या. कुणीतरी ओ देईल अशी वाट बघावी तसं. दारात कुणी नव्हतं. मग त्यांनी पुढे होऊन सही केली.